दोन मंडळ्या आणि आईचं पत्र

अर्ज लिहून तयार होता. विषय, संदर्भ, 'महोदय', खाली सही, सगळं जागच्या जागी. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा अर्ज, त्यात खोट निघायची नाही. अडलं होतं फक्त वरच्या ओळीवर. 'प्रति' लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण त्याच्यापुढं कोणाचं नाव घालायचं तेच कळत नव्हतं.

तक्रार परळीच्या मंडळीविरुद्ध होती आणि ती मी आईच्या वतीनं करत होते. मंडळी म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची लहानशी सभा. चर्च हा शब्द ते वापरत नाहीत. पाळक नाही, घंटा नाही, पेटी-तबला नाही. दर रविवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं एका खोलीत जमतात, बाया डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मध्ये लहान टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली एक भाकर आणि एक पेला. ती भाकर सगळ्यांनी मिळून मोडायची, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून. ताटली वाढपी फिरवत नाही. ज्यानं तुकडा घेतला त्यानंच ती आपल्या हातानं शेजारच्याला द्यायची. माझ्या आईला ही ताटली दीड वर्ष बंद होती. ती रविवारी जायची, मागच्या बाकावर बसायची, गीतं म्हणायची आणि ताटली तिच्या पुढच्या रांगेपासून परत फिरायची.

आई घाटनांदूरच्या लिंगायत घरातली. मामाचं तिथं किराणा दुकान आहे. लग्नानंतर ती परळीला थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, कॉलनीत आली आणि शेजारच्या बाईबरोबर मंडळीत जाऊ लागली. तेव्हा मी चौथीत होते. आधी आईनं बाप्तिस्मा घेतला, दोन वर्षांनी बाबांनी. मी घेतला नाही. का घेतला नाही ते माझं मला. आईनं कधी मागं लागून विचारलं नाही, कारण त्या लोकांत ज्याच्या त्याला मनातून पटल्याशिवाय पाण्यात उतरताच येत नाही, आणि पाण्यात उतरल्याशिवाय भाकर घेता येत नाही. बाप्तिस्म्यानं आईचं माहेर मात्र तुटलं. मामानं कित्येक वर्षं तिला उंबरा चढू दिला नाही. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा तो स्वतः पत्रिका घेऊन कॉलनीत आला, खाली मान घालून चहा प्याला आणि जाताना म्हणाला, "आत्याबिगर लगीन कसं करू?" आई त्या दिवशी स्वयंपाक करताना गात होती.

लिंगायतांकडं लग्नाच्या आदल्या दिवशी वीरभद्राची मिरवणूक निघते, तिला गुग्गुळ म्हणतात. मामाच्या घरात त्या मिरवणुकीत आरतीचं ताट धरायचा मान आत्याचा. आई नको म्हणाली. मामी रडायला लागली. आत्या दारात उभी असताना पोरीचं ताट परक्या बाईनं धरायचं का, असं तिचं म्हणणं. शेवटी आईनं ताट धरलं. देवळापर्यंत चालत गेली, ताट मामीच्या हातात दिलं आणि बाहेर चपलांपाशी उभी राहिली. हात जोडले नाहीत, कपाळाला भस्म लावून घेतलं नाही. पण तेवढ्यात कुण्या भाचीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला होता, आणि फोटोत चपला दिसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तो परळीत पोचला.

मंडळीची जबाबदारी जो घेतो त्याला तिथं वडील म्हणतात. परळीचे वडील थर्मलच्या कोळसा विभागातून रिटायर झालेले, उंच, कडक, बाबांचे जुने दोस्त. ते घरी आले, आईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, चुकलं म्हणा. एवढंच बास हाय. आमी पुन्यांदा त्याचं नाव काढणार न्हाई."

"मला चुकलं वाटत न्हाई," आई म्हणाली. "मी भावाच्या लेकीचं ताट धरलं. देवाला हात जोडले न्हाईत. मंग चुकलं कसं म्हणू? भाकरीसाठी खोटं बोलू का?"

वडिलांनी पुन्हा आग्रह केला नाही. पण विश्वासणाऱ्यानं मूर्तीच्या आरतीत हात घालायचा नाही, हे त्यांच्या लेखी स्वच्छ होतं, आणि पुढच्या रविवारपासून आई मागच्या बाकावर गेली. घरी बसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मात्र पाऊस असो, गुडघा सुजलेला असो, पदर सारखा करून निघायची.

मग आई-बाबा माझ्याकडं अंबाजोगाईला राहायला आले. इथं त्यांच्यासारखीच एक मंडळी आहे, नऊ घरांची. एका मंडळीतून दुसरीत जाताना ओळखीचं पत्र लागतं: हे आमच्या सहभागितेत आहेत, यांना तुमच्यात घ्या, खाली दोन भावांच्या, म्हणजे मंडळीतल्या दोन पुरुषांच्या, सह्या. परळीनं पत्र दिलं. त्यात बाबांचं नाव होतं, आईचं नव्हतं. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला.

ग्रामपंचायतीच्या वर पंचायत समिती, तिच्या वर जिल्हा परिषद, असे बाण मी दरवर्षी फळ्यावर खालून वर काढते. खाली न्याय मिळाला नाही तर माणूस वर जातो, हे मी इतक्या वेळा शिकवलं आहे की ते मला ऊन-पावसासारखं ठरलेलं वाटतं. तर परळीच्या वर कोण? फोनवर शोधलं. काही सापडलं नाही. शेवटी अर्ज पर्समध्ये घालून मी अंबाजोगाईच्या वडिलांकडं गेले.

त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी येतात, ते त्यातली काळी पडलेली तार काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. दुकानावरची खोली हीच मंडळीची जागा. मी गेले तेव्हा ते स्टुलावर बसून तारेचे वेढे घालत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा बाई. चाळीस झाले की बोलतो." चाळीस झाले, मग बोलले.

"काका, तुमच्या वर कोण असतं?"

"वर म्हंजे?"

"वरचं ऑफिस. बीडला, संभाजीनगरला, पुण्याला, कुठंतरी असेल ना? परळीची तक्रार करायची आहे मला."

"तसं कुटंबी न्हाई."

"मग परळीवर तुमचं चालतं का?"

"न्हाई वो. परळी परळीची, आमी आमचे. त्यांचा धनी प्रभू, आमचा धनी प्रभू. मधी कुनी मुकादम न्हाई."

"आणि त्यांनी अन्याय केला तर?"

"तर त्यांनीच नीट करायचा. आमी जाऊन हुकूम केला तर उद्या ते येऊन आमाला करतील. परवा तिसराच कुनीतरी दोघांनाबी करंल."

मला वाटलं, आता सापडले. म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही स्वतंत्र आहात ना? मग परळीचं सोडा, आईला इथं भाकर द्या."

त्यांनी तार खाली ठेवली. "स्वतंत्र हाय म्हनूनच घाई करता येत न्हाई. परळीनं मागं बसवलं म्हनून आमीबी मागं बसवावं, असं न्हाई. आन बाई चिडल्या म्हनून आमी पुढं बसवावं, असंबी न्हाई. दुसऱ्यानं ठरवलेलं घेतलं असतं तर लई सोपं हुतं. आता आमाला आमचं ऐकावं लागंल, आन त्याचा जबाबबी आमालाच द्यावा लागंल." मग हात पुसून अर्ज घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. "अक्षर लई चांगलं हाय," म्हणाले. मी चहा न घेताच निघून आले.

आज मागं वळून बघताना कबूल करायला हवं की त्या दिवशी मी ज्यांच्यावर रागावले होते ती माणसं मला समजलीच नव्हती. त्यांना वरचं कोणी मिळालं नव्हतं असं नाही. त्याच सुमारास शहरातून एक गृहस्थ आले होते. कोट घातलेले, बोलायला गोड. या भागातल्या सगळ्या मंडळ्या एका संस्थेखाली आणायच्या, त्यांना पत्र्याऐवजी स्लॅबची सभागृहं बांधून द्यायची, शिकलेला पाळक नेमायचा, अशी त्यांची योजना. बाबा त्या बैठकीला होते. काकांनी पाहुण्याला पोटभर जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्यातल्या एखाद्या भनीला मागं बसवायचं का न्हाई, ते कोन ठरवनार?" गृहस्थ म्हणाले, त्याची समिती असेल. काका म्हणाले, "मंग आमी कशाला जमायचं?" आणि त्यांना बसपर्यंत सोडून आले. पावसाळ्यात त्या खोलीत तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. त्या अजूनही ठेवतात.

आईचं ऐकून घ्यायला काका आणि त्यांची बायको आमच्या घरी आले. सभेत बाया बोलत नाहीत, हा त्यांचा नियम. तो मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. पण घरी आईला त्यांनी दोन तास बोलू दिलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. परळीत काय म्हणाले ते विचारलं नाही. ताट कुठून कुठं नेलं, कोणाच्या हातात दिलं, तेव्हा मनात काय होतं, हे विचारलं. मग ते सगळं त्यांनी आठ भावांपुढं ठेवलं. सात जण म्हणाले, घ्यावं. एक जण म्हणाला, नाही.

मी म्हटलं, झालं की मग. सात विरुद्ध एक.

बाबा हसले. तिथं मतदान नसतं. सगळ्यांचं एक मन होईपर्यंत थांबायचं. मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काकांशी भांडले. बहुमत ही माणसानं किती कष्टानं मिळवलेली गोष्ट आहे, यावर त्यांचा एक तासच घेतला म्हणा. ते वेढे घालत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मोजल्यावर किती जन ते कळतं. बरोबर काय ते कसं कळंल?" मग त्यांनी त्या एका भावाची गोष्ट सांगितली.

तो भाऊ मेंढरं राखतो. गाव लांब, रविवारी तांबडं फुटायच्या आधी चालायला लागतो तेव्हा सभेला पोचतो. विश्वास धरल्यावर त्यांच्या घरच्या जत्रेत त्याला देवापुढं ताट धरायला सांगितलं. थोरला म्हणून मान त्याचा. त्यानं धरलं नाही. भावांनी कळप वेगळा केला, आईनं चुलीपाशी येऊ दिलं नाही. ती गेली तेव्हा त्याला खांदा देऊ दिला नाही. तो सभेत एवढंच म्हणाला होता, "मीबी ताट धरलं असतं तर मायच्या हातचं शेवटचं पानी मला मिळालं असतं." सात जणांपैकी कोणीही त्याच्यावर दबाव टाकला नाही. त्याला वगळून पुढं जायचा विचारही कोणी बोलून दाखवला नाही. नऊ घरांच्या सभेत एका मेंढपाळाचं मन जोवर मानत नाही तोवर सगळे थांबले. माझ्या शिकवण्यात अशी सभा कुठं आली नव्हती.

काका म्हणाले, आता परळीचं ऐकून येतो. "परवानगी मागायला न्हाई," हे त्यांनी मला मुद्दाम बजावलं, "त्यांच्या तोंडून ऐकायला." एका रविवारी पहाटे ते गेले. सोमवारी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि आधी स्वतःशीच हसले.

झालं होतं असं. दुसऱ्या मंडळीत जायचं तर वडिलांनाही पत्र लागतं. काकांनी पत्र लिहून घेतलं होतं, दोन भावांच्या सह्या घेतल्या होत्या आणि ते दुकानातच तारेच्या रिळाखाली विसरले होते. परळीच्या दारात तिथल्या वडिलांनी विचारलं, "पत्र?" काकांनी खिसे चाचपले. "इसरलं."

"मंग मागं बसा."

हे दोघं तीस वर्षांचे स्नेही. एकमेकांच्या मुलांची लग्नं त्यांनी लावली आहेत. तरी काका मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसले, आणि ताटली त्यांच्या पुढच्या रांगेतून परत फिरली.

"अहो, पण फोन करायचा ना," मी म्हटलं. "आम्ही पत्राचा फोटो पाठवला असता. दोन मिनिटांचं काम."

"सुचलं हुतं मला. खिशात हात घातलाबी हुता." मग माझ्याकडं न बघता आईकडं बघून बोलले. "मंग म्हनलं, बसावं. अक्का, तिथून ताटली लई लांब दिसती वो. मला एकच रविवार जड गेला."

आई उठली. आत जाऊन तिनं त्यांच्यासाठी उपमा केला.

परळीच्या वडिलांनी सभा संपल्यावर त्यांना घरी नेलं, जेवू घातलं आणि आपली बाजू सांगितली. राग नाही, धमकी नाही, गळ नाही. "आमचं हे असं झालं. तुमी तुमचं बघा," एवढंच शेवटी म्हणाले. तुम्ही आमच्याविरुद्ध ठरवलं तर आमच्या तोंडाला काळं फासल्यासारखं होईल, असं एका शब्दानं नाही. आमच्या शाळेत दोन विभागांमध्ये एक कपाट इकडचं तिकडं झालं तर चार पत्रं निघतात.

मग बाजाराच्या दिवशी तो मेंढरांवाला भाऊ आमच्या घरी आला. घोंगडी खांद्यावर, पागोटं हातात. ओट्यावर बसला आणि पागोटं गुडघ्यावर ठेवलं. मी दाराआड उभी होते, आणि आईच्या तोंडून एकदाचं 'चुकलं' निघेल आणि हे प्रकरण मिटेल असं मला वाटत होतं. खरं सांगते, तेव्हा मलाही ते चाललं असतं.

आईच आधी बोलली. "तुमी ताट धरलं न्हाई. मला कळलं."

"व्हय."

"मला तुमच्यापुढं बसायची लाज वाटती. तुमी जे सोसलं ते मी सोसलं न्हाई. पर दादा, मला चुकलं असं अजूनबी वाटत न्हाई. तुमच्यासाठी तसं म्हनले तर ते तुमाला फसवल्यासारखं हुईल."

मग त्यानं पाणी मागितलं, प्याला आणि गेला. गेलं आता सगळं, असं म्हणून मी आईवर चिडले. चांगली संधी होती, घालवलीस, असंही बोलून गेले. ती भाजी निवडत राहिली.

त्यानंतर दोन रविवार काहीच झालं नाही. तिसऱ्या रविवारी, काकांनी फडकं उचलायच्या आधी, तो भाऊ उभा राहिला. बाबांनी घरी आल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "अक्काला खोटं बोलून माझं मन राखता आलं असतं. तिनं न्हाई राखलं. मला दुसरं काय बघायचं न्हाई." आणि खाली बसला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम सभेला गेले. मी बाहेरची म्हणून मागं बसले आणि आई पुढं. तिनं ताटली हातात घेतली तेव्हा तिची पाठ मला दिसत होती, आणि मी हुंदका आवरायला पदर तोंडात धरला.

इथं ही गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आता परळीला जायचं."

बाबा वैतागले. "कावून? हितं मिळाली ना भाकर? कशाला उगं दुखनं उकरून काढायचं?"

"तीस वर्सं त्यांच्यात बसले," आई म्हणाली. "त्यांनी न्हाई म्हनलं तर न्हाई. पर तोंड चुकवून न्हाई ऱ्हानार मी."

काकांनी पत्र लिहिलं. आमची बहीण आमच्या सहभागितेत आहे, तिला प्रभूमध्ये घ्या. दोन सह्या, त्यातली एक त्या मेंढपाळाची. त्याला सही शिकायला लागून फार दिवस झाले नव्हते. प्रत्येक अक्षर वेगळं उभं होतं. आता परळीपुढं प्रश्न होता. पत्र मानलं तर स्वतःचा निर्णय मोडतो. नाही मानलं तर शेजारच्या मंडळीचा शब्द मोडतो. आणि सांगायला वर कोणी नाही.

रविवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं गेलो. खिडक्यांवर नेहमीसारखी राखेची बारीक पूड. पत्र वाचून होईपर्यंत आलेल्यानं मागं बसायचं असतं, म्हणून आई मागच्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. माझ्या पलीकडं मंडळीतलीच एक तरुण बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती, रडलं तर उठून जाता यावं म्हणून.

परळीच्या वडिलांनी पत्र उभं राहून वाचलं. वाचून झालं की सगळे भाऊ आमेन म्हणतात आणि पाहुणा पुढं येतो. त्या दिवशी कोणीच आमेन म्हटलं नाही. वडिलांनी पत्राची घडी घालून ते भाकरीच्या शेजारी ठेवलं.

"अंबाजोगाईच्या भावांनी त्यांचं ठरवलंय," ते म्हणाले. "त्यांनी आमाला इचारलं न्हाई, आन इचारायचं कारनबी न्हाई. आमी आमचं ठरवलं हुतं. आता ते पुन्यांदा बघावं लागंल. तवर भाकर मोडता येनार न्हाई."

आणि सगळे बसून राहिले. तास झाला. कोणी घड्याळ पाहिलं नाही, कोणी उठलं नाही. मधूनच एखादा भाऊ उभा राहायचा. एक म्हणाला, अजूनही तिनं चुकलं म्हणावं. एक म्हणाला, मला दर रविवारी तो मागचा बाक टोचतो. आई मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. शेवटी वडील उभे राहिले. तो कडक माणूस, त्याचा आवाज फुटत होता.

"ताट धरलेलं मला आजबी पटत न्हाई. पर दीड वर्स अक्का मागं बसली, एक रविवार चुकवला न्हाई. तिच्या जागी मी असतो तर घरी बसलो असतो. तिला भन म्हनायचं न्हाई, हे मला त्याहून पटत न्हाई. मी तिला लई दिवस बसवलं." मग हळूच, स्वतःच, "आमेन" म्हणाले. क्षणभर ते एकटंच राहिलं. मग दुसरा आवाज आला, तिसरा आला, आणि ज्यानं चुकलं म्हणावं असं सांगितलं होतं त्याचाही आला.

त्यांनी आईला हातानं पुढं यायची खूण केली. आईनं नको म्हणून मान हलवली. माझ्या शेजारून ती उठली नाही.

भाकर मोडली. ताटली पुरुषांकडून बायांकडं आली, एका हातातून दुसऱ्या हातात, रांगेमागून रांग, आणि या वेळी शेवटच्या रांगेपाशी परत फिरली नाही. पुढच्या बाईनं मागं वळून ती आईच्या हातात दिली. आईनं तुकडा मोडला, खाल्ला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मी सहा महिने पळापळ केली होती. भांडले होते, अर्ज लिहिला होता, दाराआड उभी राहिले होते. त्या तासात मी स्वतःला त्यांच्यातली एक धरून बसले होते बहुतेक, कारण माझा हात आपोआप पुढं झाला.

आईनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला वाटलं, देते आता. तिनं ताटली उचलली, माझ्या मांडीवरून हात लांब केला आणि पलीकडच्या बाळंतिणीला दिली. परळी मध्ये नव्हती, अंबाजोगाई मध्ये नव्हती, ताटली मला माझ्या आईनं नाकारली होती. मी हात मागं घेतला. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.